गावाच्या नावातला रंगारी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, लग्नाला जायचं म्हटलं की काही माणसांच्या पोटात गोळा येतो. तो जेवणाचा नसतो, एका प्रश्नाचा असतो. ‘मग, सध्या काय चाललंय?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. हातात ताट घेऊन उभं राहिल्यावर काहीतरी बोलायचं, म्हणून तो बोलतो. पण ज्याचं सध्या काहीच चाललेलं नाही, त्याला तो प्रश्न भर मांडवात कुणीतरी धोतर ओढल्यासारखा वाटतो.

माझा भाचा अशांपैकी एक. वय २८. स्पर्धा परीक्षेची मुख्य परीक्षा तिसऱ्यांदा हुकली होती. घरातलं कन्नडकडचं लग्न होतं आणि तो येत नव्हता. शेवटी त्याची आई, म्हणजे माझी बहीण, मला म्हणाली, ‘दादा, तूच घेऊन ये त्याला.’ तेव्हा लासूर स्टेशनला उतरून आम्ही दोघं कन्नडच्या गाडीत बसलो. माघ महिना होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी निसवली होती. भाचा खिडकीतून बाहेर बघत होता आणि काही बोलत नव्हता. मधेच एकदा म्हणाला, ‘मामा, तुम्ही इतिहास शिकवला. इतिहासात नापास झालेल्यांचं काय करतात?’

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला ते सुचलं नाही. गाडी देवगाव रंगारीच्या स्टँडवर थांबली. समोर पाटी होती. ती वाचून तो म्हणाला, ‘हे रंगारी काय, कुणाचं आडनाव आहे का?’

त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला येत होतं. ते सांगता सांगता पहिल्या प्रश्नाजवळही जाता आलं. आज आपल्यापुढे तेच मांडतो.

देवगाव नावाची गावं आपल्याकडे ठायी ठायी आहेत. देव सगळीकडेच आहे, म्हणून देवगावही सगळीकडे आहे. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे एक आहे, आणखीही आहेत. मग टपालवाल्याचा, महसूलवाल्याचा आणि सोयरीक जुळवणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून गावाला दुसरं नाव लागतं. हे दुसरं नाव म्हणजे गावाचं आडनावच. ते कुणाचं लागतं हे पाहण्यासारखं असतं. याच कन्नड तालुक्यात चिंचोली लिंबाजी आहे. शेजारच्या खुलताबाद तालुक्यात टाकळी राजेराय आहे. ही माणसांची नावं झाली. लासूर स्टेशनला तर रेल्वेच चिकटली. नगरकडच्या श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. ते नाव पुढे बदललं गेलं. का बदललं असेल, हे जाणत्याने ओळखावं. देवगावाने मात्र आपलं आडनाव टाकलं नाही. सरकारी कागदावर, एस.टी.च्या पाटीवर, पोलीस ठाण्याच्या फलकावर ते आजही देवगाव रंगारीच आहे. म्हणजे रंगाऱ्यांचं देवगाव. कापड रंगवून पोट भरणाऱ्यांचं देवगाव.

विचार करा, हा मुलूख कुणाचा आहे? तासाभराच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला आहे. वेरूळ आहे, जिथे मालोजीराजांचं घराणं नांदलं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. यादव, खिलजी, तुघलक, निजामशाही, मोगल, आसफजाही असे एकापाठोपाठ एक सत्ताधीश इथे येऊन गेले. एवढ्या सगळ्यांच्या गर्दीत या गावाच्या नावात राहिला तो कुणी सरदार नाही, जहागीरदार नाही, तर हात कोपरापर्यंत निळे असलेला एक कामकरी माणूस.

या माणसाचं काम काय होतं, ते जरा सविस्तर सांगतो. कारण आज आपण ते पार विसरलो आहोत. रंग म्हणजे डब्यात मिळणारी पूड, एवढंच आपल्याला ठाऊक. रंगाऱ्याला रंग मिळवावा लागत असे. लाल हवा तर आल. आल हे झाड आहे, त्याच्या मुळ्यांत लाल रंग असतो. काळ्या जमिनीत ते लावायचं, दोन-तीन वर्षं राखायचं आणि मग खोल खणून मुळ्या काढायच्या. जाड मुळीला फारशी किंमत नाही. जितकी मुळी बारीक तितका रंग जास्त. कापड आधी तेलात आणि खारात मुरवायचं, वाळवायचं, पुन्हा मुरवायचं, मग तुरटीच्या पाण्यातून काढायचं आणि त्यानंतर आलाच्या पाण्यात उकळायचं. यात दिवसच्या दिवस जात. पण एकदा चढलेला हा लाल धुऊन जात नसे. व्यापाऱ्याच्या चोपड्यांना बांधायला जे जाड लाल कापड, खारवा, लागे, त्यालाही हाच रंग.

काळा हवा तर हिरडा आणि लोखंडाचा कस. पिवळ्याला हळद, नाहीतर पळसाची फुलं. गुलाबी आणि कुसुंबी रंगाला करडईच्या पाकळ्या. हो, तीच करडई, जिचं तेल आपण खातो आणि जी ज्वारीच्या कडेने गुरं शिरू नयेत म्हणून पेरतो. एके काळी ती फुलासाठीही पेरत. तिच्यात गंमत अशी की पाकळी पाण्यात टाकली की आधी निघतो तो पिवळा, आणि तो कच्चा असतो. तो सगळा धुऊन टाकायचा. खरा लाल पाण्याला दाद देत नाही. त्याला साजीखार लागतो, आणि खाराने सुटलेला रंग कापडावर बसवायला लिंबासारखं आंबट काहीतरी लागतं. हे ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं, तो कोण होता हे कुणालाच माहीत नाही.

आणि निळा! निळीची वडी पाण्यात विरघळतच नाही. मग रांजणात चुना, गूळ, तरोट्याच्या बिया असं काय काय घालून ते मिश्रण आंबवायचं. किती दिवस, ते थंडी-उन्हावर ठरणार. रांजण ‘आला’ की नाही, हे वासावरून आणि वर आलेल्या फेसावरून ओळखायचं. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की ते निळं नसतं, हिरवट पिवळं असतं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. शाळेत आम्हाला ऑक्सिडेशन शिकवलं, तेव्हा कुणी हे उदाहरण दिलं असतं तर मी इतिहासाऐवजी रसायनशास्त्र घेतलं असतं.

अशा माणसाबद्दल मराठीत एक वाक्य होतं. वैद्याबद्दल, सुइणीबद्दल, सुगरणीबद्दलही ते म्हणत: ‘त्याच्या हाताला यश आहे.’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे यश माणसाच्या नावाला नाही, घराला नाही, गाडीला नाही, हाताला आहे. शिवाय ते दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याशिवाय कळतच नाही. रोगी उठून बसला तर वैद्याच्या हाताला यश. लुगडं पाच वर्षं धुऊनही विटलं नाही तर रंगाऱ्याच्या हाताला यश. आपल्या बोलण्यात यश ‘येतं’, ‘लाभतं’. पाऊस येतो तसं ते येतं. ‘यशस्वी भव’ हा आशीर्वाद जुनाच आहे, पण तो एखाद्या कामाला निघालेल्याला द्यायचा, आणि त्या कामापुरता. ‘आयुष्यात यशस्वी माणूस’ हा वाक्प्रयोग सगळीकडे झाला तो त्या मानाने अलीकडे. त्याचं जुळं भावंड म्हणजे ‘नापास’. हा शब्द बघा, ‘ना’ आपला आणि ‘पास’ इंग्रजांचा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांच्यात होते. परीक्षेने देशाला मोठी माणसं दिली यात शंका नाही. पण तिच्याबरोबर अख्ख्या माणसाला पास किंवा नापास म्हणायची सवयही आली. रांजण एखादे वेळी नासला, तर रंगारी म्हणे, ‘रांजण नासला.’ ‘मी नासलो’ असं तो म्हणत नसे.

याच भागात खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. त्याच्या राजकारणाबद्दल आपल्याकडे जे मत आहे ते मी काही इथे उलटसुलट करणार नाही. मला सांगायची आहे ती एक वेगळीच गोष्ट. १६८० नंतरच्या दशकात तो दक्षिणेत उतरला, विजापूर आणि गोवळकोंडा घेतलं, संभाजीराजांना हालहाल करून मारलं, साम्राज्य कधी नव्हे एवढं पसरवलं. आणि तरी मराठे काही आवरले नाहीत. पंचवीस वर्षं तो परत दिल्लीला गेला नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, तो वारला, तेव्हा ८८ वर्षांचा होता. शेवटच्या दिवसांत मुलांना लिहिलेल्या पत्रांतून त्याची खंत उघड दिसते; एवढं आयुष्य वाया गेलं असं त्याला वाटत होतं. नकाशावर यशाची परमावधी, आणि मनात हे. त्याचं म्हणून जे मृत्युपत्र इतिहासकार देतात, त्यात एक कलम आहे. टोप्या शिवून मिळालेले ४ रुपये २ आणे शिल्लक आहेत, ते कफनाला वापरावेत. कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत. साम्राज्याचा खजिना पडलेला असताना शेवटच्या कापडासाठी या बादशहाला विश्वासाचे वाटले ते हाताने कमावलेले सव्वाचार रुपयांच्या आतले पैसे. कबरही त्याने उघडी, मातीची करायला सांगितली. आज तिथे दिसते ती संगमरवरी जाळी फार पुढे, लॉर्ड कर्झनच्या काळात आली. त्या कफनाचं कापड कुणी विणलं, हे अर्थातच कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता गोष्ट जरा लंडनला जाते. जायलाच हवी, कारण देवगावच्या रांजणांचा निकाल तिकडे लागला.

१८५६ ची ईस्टरची सुट्टी. विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा विद्यार्थी घरातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. हिवतापावरचं हे औषध तेव्हा झाडाच्या सालीपासून मिळे आणि ते महाग होतं. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांपासून ते करता येईल, असं त्याच्या शिक्षकांना वाटत होतं. पर्किनला क्विनीन काही जमलं नाही. भांड्याच्या तळाशी काळा चिखल उरला. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. पर्किनने तो मद्यार्कात विरघळवला, तर जांभळा रंग आला. रेशमाला लावून पाहिला, तर धुऊन जाईना. तो पहिला गाजलेला कृत्रिम रंग. शिक्षण सोडून हा मुलगा रंगाचा कारखाना काढतो म्हटल्यावर त्याचे गुरू हॉफमन नाराज झाले. वडिलांनी मात्र आपली पुंजी त्यात घातली. त्यांचं नशीब, म्हणून ती बुडाली नाही.

म्हणजे बघा, क्विनीनच्या परीक्षेत पर्किन सपशेल नापास होता.

पुढचं झपाट्याने झालं. मंजिष्ठेच्या मुळीतला लाल रंग, म्हणजे अलिझरीन, १८६८ साली जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान या दोघांनी प्रयोगशाळेत बनवला. आता आल तीन वर्षं जमिनीत राखायची गरज उरली नाही. निळीला जास्त वेळ लागला. बायर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं कोडं १८८० च्या सुमारास सोडवलं, पण कारखान्यात ती परवडेल अशी व्हायला १८९७ साल उजाडलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातली निळीची शेती कोसळली. बिहारमधल्या चंपारणच्या निळवाल्या गोऱ्या मालकांनी आपला तोटा कुळांच्या डोक्यावर लादला, आणि १९१७ साली गांधीजी तिथे गेले, हे आपण शाळेत शिकतो. त्या धड्यामागे जर्मनीतली एक भट्टी आहे, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

मराठवाड्यात हे नवे रंग पोचायला एक वाट हवी होती. ती निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने दिली. मनमाडहून निघून लासूर, औरंगाबाद, जालना करत हैदराबादकडे जाणारी ही लाइन १९०० च्या सुमाराला सुरू झाली. त्याआधी, १८८९ साली, औरंगाबादेत कापडाची गिरणी निघाली होती. तिच्यात सुमारे ७०० माणसं कामाला होती. एकीकडे गिरणीचं कापड आणि दुसरीकडे डब्यातला रंग, अशा कात्रीत गावचा रंगारी सापडला. डब्यातला रंग कुणालाही लावता येतो. त्याला तेलात मुरवणं नको, रांजणाचा वास ओळखणं नको, हातातलं यश नको.

आता मला सांगा, या रंगाऱ्याचं काय चुकलं? त्याने आळस केला? त्याचा रंग विटला? तो कमी पडला म्हणावं, तर कशात? त्याचा रंग पूर्वीइतकाच पक्का होता. हात तोच, कसब तेच. फक्त हजारो मैलांवर एका खोलीत कुणीतरी काहीतरी शोधून काढलं होतं, आणि ती बातमी याच्यापर्यंत बातमी म्हणून नाही, तर रिकाम्या बाजाराच्या रूपाने आली. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘ग्रामोद्योगांचा ऱ्हास’ असं म्हणतात. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर तेच लिहिलं. चार मार्कांचा प्रश्न. त्या ऱ्हासाच्या आत एकेक माणूस बसलेला आहे, जो रात्री बायकोला म्हणाला असेल की माझ्याच नशिबात काहीतरी खोट आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. काळाच्या खात्यात मांडायचं नुकसान माणूस स्वतःच्या खात्यात मांडून घेतो. तेव्हाही घेत होता, आजही घेतो.

इथे मला स्वतःलाच थोडा लगाम घालायला हवा. जुन्या कारागिराबद्दल बोलताना आमच्या पिढीचा गळा फार लवकर दाटून येतो. रंगाऱ्याच्या मुलाने रंगारीच व्हायचं, हा त्या काळचा नियम होता. हाताला यश असलं तरी त्या हाताने दुसरं काही करायची मोकळीक नव्हती. ज्यांच्या वाट्याला जातीने मेलेली ढोरं ओढायचं काम आलं, त्यांना ‘आपल्या कामात रमा’ असं सांगणं हा शुद्ध दुष्टपणा ठरेल. जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्पष्ट मांडलं. आणि १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. तोवर निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखाला महाविद्यालयीन शिक्षणाचा मोठा दुष्काळ होता. गावकुसाबाहेरची मुलं त्या महाविद्यालयात आली, तेव्हा पदवी म्हणजे काय, हे त्यांच्या आईबापांना विचारावं. म्हणून परीक्षेला, नोकरीला, पदाला मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दार बंद होतं, त्यांनी दार उघडायची धडपड करू नये, असं भरल्या पोटी सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांत माझी गणना नको.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की दार उघडणं वेगळं आणि दारावर आपल्या नावाची पाटी लागणं वेगळं. मराठवाड्यातलंच एक उदाहरण घ्या. १९११ साली गोविंदभाई श्रॉफ यांचा जन्म झाला. कलकत्त्याला जाऊन गणितात एम.एस्सी. केलेला हा तरुण. निजामाच्या राज्यात एवढं शिकलेल्या माणसाला काय कमी होतं? औरंगाबादेत शिक्षकाची नोकरी लागली, ती त्यांनी सोडली आणि स्वामी रामानंद तीर्थांबरोबर हैदराबादच्या मुक्तीच्या लढ्यात उतरले. तुरुंगवास झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. लढ्यातल्या पुष्कळांना पुढे पदं मिळाली, काहींनी चांगली कामंही केली. गोविंदभाई मंत्री झाले नाहीत. शिक्षणसंस्था आणि मराठवाड्याच्या विकासाची गाऱ्हाणी, यांतच त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. मनमाड ते औरंगाबाद हा अरुंद लोहमार्ग रुंद करा, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किती वर्षं घसा कोरडा केला! तीच ती लाइन, लासूरवरून जाणारी, जिच्यावरून एकदा डब्यातले रंग आले होते. १९९२ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, २००२ साली ते गेले. पण समजा, १९६० साली एखाद्या लग्नात कुणी त्यांना गाठून विचारलं असतं, ‘मग भाई, सध्या काय चाललंय?’ तर ते काय सांगणार? ‘रेल्वेसाठी निवेदन लिहितोय.’ विचारणारा पुढच्या पंगतीकडे वळला असता.

आणखी एक रंगारी आठवतो, पुण्याचा. भाऊसाहेब रंगारी. मूळ आडनाव जावळे, व्यवसाय वैद्यकी. घरात शालू रंगवायचं काम चाले म्हणून लोक रंगारी म्हणू लागले. १८९२ साली त्यांनी सार्वजनिक गणपती बसवला. वैद्य म्हणून किती रोगी बरे केले, ते कुठे मांडलेलं नाही. नाव राहिलं ते रंगाचंच. माणसाला कशासाठी आठवायचं, हे लोक आपलं आपण ठरवतात. त्यात आपला सल्ला कुणी घेत नाही.

एवढं सगळं मी भाच्याला गाडीत सांगितलं असं समजू नका. गाडीच्या खडखडाटात एवढं कोण ऐकणार? काही जाताना, काही मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो तेव्हा, काही येताना. त्याने मधे दोन-तीनदा मला बरोबर अडवलं. म्हणाला, ‘मामा, तुम्हाला पेन्शन आहे. रंगाऱ्याचं कौतुक करायला काय जातं? मला पस्तीसपर्यंत काहीच हाती लागलं नाही तर आईला काय सांगू?’ हे खरंच होतं. मी त्याला म्हटलं, ‘परीक्षा सोड असं मी म्हणत नाही, देत राहा असंही म्हणत नाही. ते तू तुझं ठरव. जागा काही शे आणि अर्ज लाखांनी. या गणितात बहुतेकांना गळायचंच असतं, ते सगळे मठ्ठ असतात म्हणून नव्हे, तर जागा तेवढ्याच असतात म्हणून. हा आकडा जागांचा आहे. तो तू तुझ्या अंगाला लावून घेतोस, माझं भांडण फक्त तेवढ्याशी आहे.’

तो म्हणाला, ‘मग माझ्या अंगाला लावायचा आकडा कोणता?’

मला माहीत नव्हतं. मी विचारलं, ‘गेली सहा वर्षं तू दुसरं काय केलंस?’ तो म्हणाला, ‘काहीच नाही.’ मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘खोलीतल्या पोरांना गणित शिकवायचो. त्यातले दोघं लागले.’ हे सांगताना त्याचा चेहरा पडला होता. शिष्य लागले आणि गुरू राहिला, याची त्याला लाज वाटत होती. वैद्याला कुणी विचारत नाही की तुम्ही रोग्याला उठवलं, पण स्वतःचं डोकं का दुखतं. मी हे बोललो नाही. पण त्याला त्या दोघांची नावं विचारली, त्यांना कोणता भाग जड जायचा तेही विचारलं. शेकडेवारी आणि काळ-काम-वेग, असं तो म्हणाला, आणि मग काळ-काम-वेग कसं शिकवायचं यावर, मांडवात जेवणं आटोपेपर्यंत, तो एकटाच बोलत होता. मधे कुणीतरी येऊन त्याला तो ठरलेला प्रश्न विचारून गेलं. त्याने काय उत्तर दिलं, ते गडबडीत मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना देवगावला गाडी बदलायची होती आणि ती अर्धा तास उशिरा होती. आम्ही चहा घेतला. स्टँडवर नेहमीचीच दुकानं, खतांची, मोबाइलची, तयार कपड्यांची. तयार कपड्यांच्या दुकानाबाहेर टांगलेल्या साड्यांत नाही म्हणता नाही असा रंग सापडणार नाही, सगळे डब्यातले. गावाबाहेर जरा चालत गेलो तर ज्वारीच्या कडेला करडई फुलली होती, पिवळी आणि मधेच नारिंगी झालेली. भाच्याने फुलं तोडायला हात घातला आणि काटा टोचला तसा ओरडला. शेवटी चार-दोन फुलांच्या पाकळ्या निघाल्या. त्याने त्या पाण्याच्या बाटलीत टाकल्या आणि बाटली हलवत उभा राहिला. बघता बघता पाणी पिवळं झालं.

‘हा कच्चा ना?’ त्याने विचारलं.

‘कच्चा.’

‘आणि लाल?’

‘तो अजून पाकळीत आहे. हे पाणी ओतून टाकायचं, पुन्हा धुवायचं, पिवळा यायचा थांबेपर्यंत. मग खार, मग लिंबू.’

‘साजीखार कुठं मिळतो?’

‘पापडखार मिळतो किराणा दुकानात. त्यानेही होईल बहुधा. मी कधी करून पाहिलेलं नाही.’

‘आयुष्यभर शिकवलंत आणि करून पाहिलं नाही?’ तो म्हणाला. तेवढ्यात लासूरची गाडी वळणावर दिसली. त्याने पिवळं पाणी बांधाला ओतलं, पाकळ्या बाटलीतच ठेवल्या आणि आम्ही स्टँडकडे पळालो.